त्या त्या वयाचं पुस्तक

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून माझं आयुष्य गेलं. १९८२ साली लागले तेव्हा देवघेवीचं टेबल माझ्याकडे आलं आणि निवृत्तीपर्यंत ते मी दुसऱ्या कुणाकडे जाऊ दिलं नाही. त्या टेबलावरून माणसं जशी दिसतात तशी दुसरीकडून दिसत नाहीत. एकेका सभासदाचं खातेपान वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर भरत जातं. 'फास्टर फेणे' नेणारा पोरगा मिसरूड फुटल्यावर सुहास शिरवळकर मागतो. लग्न झालं की दिसेनासा होतो. मग कधीतरी, केस पांढरे झाल्यावर, दारात उभा राहून चष्मा पुसतो आणि विचारतो, "ताई, मारुती चितमपल्लींचं काही आहे का जी?"

टेबलाच्या अलीकडे बसून मीही अशीच बदलत गेले. स्वतःच्या आणि गावाच्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडते. वयाबरोबर माणसाची आवड 'सुधारत' जाते, लहानपणी हलकं आणि मोठेपणी भारी वाचायचं असतं, असं मानणाऱ्यांशी माझं भांडण आहे, हे आधीच सांगून टाकते.

१. लहान मुलाला आवडनिवड नसते, भूक असते

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी छापील म्हणावं असं तीनच प्रकारचं होतं. बाबांची ग्रामगीता, आईच्या व्रतकथा आणि किराण्याच्या पुड्या बांधून आलेले वर्तमानपत्राचे तुकडे. मी तिन्ही वाचायची. पुडीच्या कागदावर बातमी अर्धवट तुटलेली असायची, तर उरलेली मनाने पुरी करायची. शाळेत 'किशोर' येऊ लागलं. बालभारतीने ते १९७१ साली सुरू केलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते, म्हणजे अगदी त्याच्या वयात सापडले. 'चांदोबा' गावातल्या एका दुकानदाराच्या घरी यायचा. त्यांच्या मुलीशी माझी मैत्री कशी जमली, हे वेगळं सांगायला नको.

या वयात पोरांना काय आवडतं हे ठरवतं कोण? हाताला काय लागतं तेच ठरवतं. आमच्या वाचनालयात बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा एक अख्खा खण होता. हजारावर पुस्तकं लिहिली त्या माणसाने. काळा पहाड, झुंजार यांच्यावर पोरं तुटून पडायची. पालक येऊन मला म्हणायचे, "हे असलं देऊ नका हो याला, काही चांगलं द्या." मी मान हलवायची आणि पुस्तक पोराच्या हातात द्यायची. अर्नाळकरांच्या खणाशी जी मुलं झोंबली, तीच पुढे नेमाडे आणि जी. ए. मागायला आली. ज्यांच्या हातातून रहस्यकथा काढून घेऊन थोरांची चरित्रं दिली गेली, त्यातली बरीच पुन्हा वाचनालयाची पायरी चढली नाहीत.

इथे एक गोष्ट आमच्या जिल्ह्यापुरती सांगायला हवी. झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा भागात कोलामांचे पोड आहेत, पुसद-दिग्रसकडे बंजाऱ्यांचे तांडे. त्या मुलांच्या घरात कोलामी किंवा गोरमाटी बोलतात. कोलामी तर मराठीच्या कुळातली भाषाच नाही. त्या लेकरांसाठी मराठी पुस्तक हे पहिल्यापासूनच शिकलेल्या भाषेतलं पुस्तक असतं. पाचवीतला पोरगा दुसरीच्या मुलांचं चित्रांचं पुस्तक मागतो तेव्हा त्याला मागास ठरवू नये. तो दोन भाषांमधलं अंतर चालून आलेला असतो. वाचनाचं वय शाळेच्या इयत्तेवरून मोजता येत नाही, हे मी त्या मुलांकडून शिकले.

२. अठराव्या वर्षी प्रत्येक जण कर्ण असतो

शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७ साली आलं. आमच्या वाचनालयात त्याच्या तीन प्रती होत्या आणि तिन्हींची बांधणी सुटलेली होती. जून-जुलैत कॉलेजला प्रवेश घेतलेली मुलं हमखास तेच मागायची. अमरावती, नागपूर किंवा यवतमाळला शिकायला जाणारा खेड्यातला मुलगा, ज्याच्या पायात धड वहाणा नाहीत, ज्याच्या बोलण्याला वर्गात हसतात, आपल्यात काहीतरी आहे पण जगाला ते दिसत नाही असं ज्याला रात्रंदिवस वाटतं, त्याला कर्णाइतकं जवळचं कोण वाटणार? खांडेकरांची 'ययाति' आणि 'अमृतवेल', वपुंचा 'पार्टनर', शिरवळकरांची 'दुनियादारी', सुरेश भटांच्या गझला ही सगळी त्याच वयाची मागणी. ही पुस्तकं परत यायची तेव्हा समासात पेन्सिलच्या खुणा असायच्या. नियमाप्रमाणे दंड करायला हवा होता. मी खोडरबर घेऊन बसायची, आणि कोणत्या वाक्याखाली रेघ आहे ते आधी वाचायची. दहातल्या आठ रेघा एकटेपणाच्या किंवा अन्यायाच्या वाक्याखाली असत.

इरावती कर्व्यांचं 'युगान्त'ही १९६७ चंच. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच वर्षी, एकाच महाभारतावर निघालेली ही दोन पुस्तकं आमच्याकडे एकाच कपाटात शेजारी शेजारी होती. तरी त्यांचे वाचक एकमेकांना कधी भेटत नसत. विशीतला 'मृत्युंजय' न्यायचा, पंचेचाळिशीतला 'युगान्त'. इरावतीबाई कर्णाला हार घालत नाहीत. 'मी कोण?' या मथळ्याखाली त्याला उभा करतात आणि त्याच्या थोरवीसकट त्याचं घसरणंही दाखवतात. विशीत हे सोसत नाही. ज्याच्यात आपण स्वतःला पाहिलं त्याची अशी तपासणी त्या वयात अपमानासारखी लागते.

आमचे एक सभासद तलाठी होते. कॉलेजात असताना त्यांनी 'मृत्युंजय' किती वेळा नेलं त्याला सुमार नव्हता. पुढे वडिलोपार्जित शेतीच्या वाटणीवरून भावाशी कज्जा लागला आणि त्यात त्यांची बरीच वर्षं गेली. त्या काळात एक दिवस त्यांना 'युगान्त' दिलं. महिन्याने परत करायला आले तेव्हा विदुर आणि धर्मराजावरचा 'पितापुत्र' हा लेख त्यांना जवळजवळ पाठ झाला होता. म्हणाले, "भाऊबंदकी काय असते ते कोर्टाच्या पायऱ्या चढल्याबिगर समजत नाही, ताई. लहानपणी मी फक्त रथ आणि बाण वाचले." मग थोडं थांबून म्हणाले, "पण तेही पाह्यजेच होते."

त्यांचं हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. विशीतल्या कर्णाशिवाय पन्नाशीतला विदुर भेटत नाही.

३. मधली कोरी वर्षं ही वाचनाचा शेवट नसतात

पंचवीस ते चाळीस या वयातली खातेपानं बघितली तर बहुतेकांची कोरी. त्यातही बायकांची जास्त. कॉलेजात आठवड्याला दोन पुस्तकं नेणारी मुलगी लग्न होऊन सासरी जाते आणि तिचं कार्ड बंद होतं. गावातल्या गावात लग्न झालेलीही येत नाही. स्वयंपाक, लेकरं, सासूसासऱ्यांची दुखणी, आणि घरी शेती असेल तर निंदण-खुरपण. आमच्या भागात वाचनालयाचंही शेतीसारखं वेळापत्रक असतं. मृग लागला की वर्दळ ओसरते, दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की बायका अजिबात दिसत नाहीत, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हाच्या काहिलीत पुन्हा गर्दी होते.

या कोऱ्या वर्षांत दिवाळी अंकांनी फार लोकांना तगवून धरलं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा आपण पुढच्या शंभर वर्षांच्या संसारी बायकांची सोय करतो आहोत हे त्यांच्या मनात कदाचित नसेल. पण एक कथा, एक लेख, एक कविता, असं तुटक वाचता येणारं, लेकरू झोपल्यावर अर्ध्या तासात संपणारं दुसरं काय होतं? 'माहेर', 'मेनका', 'आवाज', 'मौज', जो मिळेल तो अंक बायका न्यायच्या, शेजारणीला द्यायच्या, आणि पानं गळून गेलेला अंक माझ्याकडे परत यायचा. मी तो डिंकाने चिकटवून पुन्हा वाटेला लावायची.

मुलं मोठी झाली की बायका परत येतात, आणि येताना वेगळ्या होऊन येतात. पूर्वी कादंबरी मागणारी आता आत्मचरित्र मागते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी', ऊर्मिला पवारांचं 'आयदान', बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं'. दुसऱ्या एखाद्या बाईने संसार कसा निभावला, कुठे मान तुकवली आणि कुठे नाही, हे तिला जाणून घ्यायचं असतं. कल्पनेतल्या नायिकेपेक्षा खऱ्या बाईची साक्ष तिला जास्त कामाची वाटते. यात मला शहाणपण दिसतं.

४. आपल्या बोलीची गोडी उशिरा लागते

उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली. वऱ्हाडी बोलीतली, आमच्या मातीतली इतकी मोठी कादंबरी दुसरी नाही असं माझं मत आहे. ती आमच्या भागातल्या कॉलेजच्या मुलांनी आपणहून मागितल्याचं मला फारसं आठवत नाही. अभ्यासाला लागली म्हणून मागायचे, ते वेगळं.

कारण सरळ आहे. त्या वयात पोराला घरातून बाहेर पडायचं असतं. 'मले', 'तुले', 'कायले', 'करून रायलो' हे त्याने नुकतंच जिभेवरून खरवडून काढायला घेतलेलं असतं. पुण्या-मुंबईची भाषा, तिथले रस्ते, तिथली हॉटेलं, हे त्याला पुस्तकात हवं असतं. आणि ते त्याला मिळावंही. खिडकी उघडायचं वय आहे ते. नेमाड्यांच्या 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला जातो, म्हणून तो त्यांना चालतो. 'धग'मधली कौतिक त्याच मातीत, नवऱ्याच्या दुखण्यात आणि लेकराबाळांच्या पोटापाण्यात झिजत राहते. ती त्यांच्या घरातच असते. तिला पुस्तकात कशाला भेटायचं?

मग पस्तिशी-चाळिशी येते. आई थकते किंवा जाते. ज्या बोलीत आपल्याला कुणी रागावलं, ज्या बोलीत अंगाई ऐकली, ती बोलणारं घरात कुणी उरत नाही. आपली पोरं शाळेतलं प्रमाण मराठी किंवा इंग्रजी बोलू लागलेली असतात. अशा वेळी 'धग' हातात आली की माणूस पहिल्या पानापासून कानाने वाचू लागतो. माझंही तसंच झालं. कौतिकचं बोलणं वाचताना मला आईचा आवाज ऐकू यायचा, तिचा चुलीपुढचा खोकला, लेकराला हाक मारताना शेवटचा स्वर लांबवण्याची तिची लकब. पुस्तक मांडीवर घेऊन मी ते मोठ्याने वाचलं होतं. मनातल्या मनात वाचण्याजोगं ते पुस्तकच नाही.

आमच्या यवतमाळचे शंकर बडे वऱ्हाडी कविता घेऊन गावोगाव फिरले, तेव्हा त्यांच्या कार्यक्रमाला पुढच्या रांगांत कोण बसायचं हे मी पाहिलं आहे. टक्कल पडलेले मास्तर, बँकेतले कॅशियर, सोसायटीचे सचिव. आयुष्यभर कचेरीत प्रमाण मराठी बोललेली ही माणसं तिथे मोकळेपणी हसत आणि डोळे पुसत. तरुण पोरं मागे उभी असत. त्यांचीही वेळ येईल, मला खात्री आहे.

५. वाचक काय मागतो हे त्याच्यावर काय बेतलं आहे यावरही ठरतं

वयाचा हिशेब नुसत्या वर्षांनी होत नाही. आमच्या जिल्ह्यात तर मुळीच नाही.

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार लेकरांसह वर्धा जिल्ह्यात दत्तपूर इथे आयुष्य संपवलं. पुढच्या काळात यवतमाळचं नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गाजलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सदानंद देशमुखांची 'बारोमास' २००२ साली आली, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. शिकलेला, नोकरी नसलेला एकनाथ, त्याचं तुटत जाणारं घर, कोरडवाहू शेती. पी. साईनाथांचं 'दुष्काळ आवडे सर्वांना'ही मराठीत आलं होतं. ही पुस्तकं आमच्याकडे कुणी नेली? मास्तरांनी, वकिलांनी, बँकवाल्यांनी, शहरातून अभ्यासाला आलेल्या मुलांनी. ज्यांच्या घरात ते घडत होतं ते सहसा नेत नसत.

एक बाई यायच्या. नवरा गेलेला, तीन एकर रान, दोन मुली. त्यांना मी 'बारोमास' काढून दिली. त्यांनी मागचं पान वाचलं आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. "घरी जे पाहून रायली तेच कायले वाचू, ताई? हसाले येईल असं काही द्या." मी त्यांना द. मा. मिरासदार दिले, मग शंकर पाटील, मग पु. ल. त्या बाईंनी सलग दोन वर्षं फक्त विनोदी पुस्तकं वाचली. त्यांच्या मुली सांगायच्या, आई रात्री एकटीच हसते. विनोदी वाचन म्हणजे हलकं वाचन असं कुणी म्हटलं की मला त्या बाई आठवतात. बऱ्याच काळाने, धाकटीचं लग्न झाल्यावर, त्या आपणहून म्हणाल्या, "ते मागं ठेवलं होतं ते पुस्तक द्या आता." तेव्हा 'बारोमास' त्यांनी चार दिवसांत संपवलं.

जिल्ह्यात दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. आमच्या गावातली मंडळी गेली ती गीतरामायणाच्या गदिमांना डोळे भरून पाहायला. २०१९ साली जानेवारीत अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटक म्हणून आधी नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं, मग ते निमंत्रण मागे घेतलं गेलं. त्यावरून देशभर गदारोळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. या दोन संमेलनांमध्ये शेहेचाळीस वर्षं गेली. तेवढ्या काळात एका अख्ख्या जिल्ह्याची वाचनाची नजर गाण्यावरून जगण्यावर आली. माणसांप्रमाणे मुलखालाही वय असतं, असं मला तेव्हा वाटलं.

६. पेशा बदलला की जुनं पुस्तक नवं होतं

हे थोडक्यात सांगते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची, शंभर-सव्वाशे पानांची. शाळकरी मुलं ती पातळ आहे म्हणून नेतात. पण पोडावरच्या किंवा तांड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत नेमणूक झालेला जिल्हा परिषदेचा तरुण गुरुजी ती वाचतो तेव्हा राजाराम सौंदणीकर मास्तरची प्रत्येक अडचण त्याची स्वतःची असते. पटावर मुलं आणायची कशी, कारभाऱ्याचा विश्वास मिळवायचा कसा. निवृत्तीच्या वेळी तोच गुरुजी तिसऱ्यांदा नेतो, आणि तेव्हा दुष्काळात ओस पडणाऱ्या वाडीवर त्याचा जीव अडकतो. रमेश इंगळे उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा' मात्र आमच्या गुरुजींनी पहिल्याच वाचनात डोक्यावर घेतली. साक्षरता मोहिमेचे कागद त्यांनी स्वतः रंगवले होते.

प्रकाश नारायण संतांचा लंपन हाही असाच. 'वनवास' मुलाच्या तोंडून सांगितलेलं आहे म्हणून ते बालविभागात ठेवावं असं आमच्या एका संचालकांचं म्हणणं होतं. मी ते मोठ्यांच्याच कपाटात ठेवलं. आजोळ सुटल्याशिवाय लंपन पुरता कळत नाही.

७. पुरुष कादंबरी सोडून रानात शिरतात

पंचेचाळिशी ओलांडलेल्या पुरुषांमध्ये मला एक बदल सारखा दिसला. कादंबरी सुटते. "खोट्या माणसांच्या भानगडी कायले वाचाव्या," असं उघड म्हणतात. मग चरित्रं, इतिहास, प्रवास, शेतीची पुस्तकं, आणि आमच्या भागात विशेष करून जंगल. मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा', 'चकवाचांदण' सतत बाहेर असायचं. टिपेश्वर अभयारण्य आमच्याच जिल्ह्यात आहे. पळस, मोह, साग ही झाडं आमच्या रोजच्या पाहण्यातली. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागातल्या वाघिणीचं प्रकरण पेटलं आणि नोव्हेंबरात तिला गोळी घातली गेली. त्या वर्षभरात जिम कॉर्बेटची मराठी पुस्तकं कपाटात राहतच नव्हती. ज्यांच्या शेताला लागून रान होतं ते भीतीने वाचत होते, गावातले कुतूहलाने.

बायकांचं असं होताना मी पाहिलं नाही. साठीतल्या बायकाही कादंबरी वाचतात. उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेले भैरप्पा त्यांनीच जास्त नेले, 'पर्व' तर हातोहात. याचं कारण मी पुष्कळ शोधलं. माणसांच्या मनातलं जाणून घ्यायची त्यांची ओढ थकत नाही, एवढंच मला सुचतं.

८. म्हातारपणी पोथी हातात येते, तिच्या मागे नुसती देवभक्ती नसते

आमच्याकडे साठी-सत्तरी उलटली की घराघरात 'गजानन विजय' निघतं. दासगणूंचे एकवीस अध्याय. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता १९५५ सालची, एकेचाळीस अध्यायांची. गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत ती वाचली जाते. महानुभाव घरांत 'लीळाचरित्र'. बौद्ध वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' रोज वाचलं जातं, आणि ते वाचायचा मान बहुधा एखाद्या वयस्क माणसाचा असतो.

हे बघून तरुण मंडळी म्हणतात, मरण जवळ आलं की देव आठवतो. मला हे फार उथळ वाटतं. मी या वाचकांशी बोलले आहे. पोथीत रोजचा वाटा ठरलेला असतो, आज एवढं, उद्या एवढं. विसरायला लागलेल्या माणसाला त्याचा मोठा आधार असतो. मजकूर ओळखीचा असतो, ओळ पुसट दिसली तरी जीभ पुढे जाते. आणि पारायण चारचौघांत होतं. ज्याची बरोबरीची माणसं एकेक करून गेली त्याला सोबत मिळते. शिवाय आयुष्यभर ऐकलेला एखादा शब्द त्या वयात अचानक स्वतःच्या अनुभवाने भरून येतो. राम शेवाळकर वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयात प्राचार्य होते, त्या काळात ज्यांनी त्यांची ज्ञानेश्वरीवरची व्याख्यानं ऐकली ते लोक चाळीस वर्षांनी माझ्याकडे सार्थ ज्ञानेश्वरी मागायला यायचे. तरुणपणी कानावर पडलेलं म्हातारपणी वाचायला लावतं, एवढा लांबचा पल्ला असतो चांगल्या व्याख्यानाचा.

आणि पोथी न वाचणारे म्हातारेही खूप असतात. एक आबाजी नातवाच्या नावावर कार्ड काढून स्वतः 'फास्टर फेणे' न्यायचे. भा. रा. भागवतांचे सगळे भाग त्यांनी संपवले. लहानपणी पुस्तक मिळालं नव्हतं, मिळालं तेव्हा वाचलं.

९. शेवटी आवड डोळ्यांपाशी येऊन थांबते

याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. सत्तरीनंतर माणूस काय वाचतो हे त्याच्या आवडीपेक्षा अक्षराचा ठसा ठरवतो. कपाटातलं उत्तम पुस्तक बारीक टायपात असेल तर ते त्याच्यासाठी नाहीच. जाड पुस्तक मनगटाला पेलत नाही. खालच्या खणातलं वाकून काढता येत नाही. मी टेबलाजवळच्या, हाताच्या उंचीच्या खणात मोठ्या टायपाची आणि हलकी पुस्तकं मांडली, तेव्हा कित्येक जुन्या सभासदांची कार्डं पुन्हा सुरू झाली. ग्रंथालयाच्या इमारतीला पायऱ्या किती आहेत यावरही वाचकांची संख्या ठरते.

आता मोबाइलवर पुस्तकं ऐकायला मिळतात. ज्यांना ते जमतं त्यांनी जरूर ऐकावं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मीही ऐकली. पण आमच्या गावातल्या बहुतेक आजी-आबाजींना अॅप उघडता येत नाही, आणि उघडून दिलं तरी मध्येच थांबवून "हे काय म्हटलं?" असं विचारायला समोर कुणी नसतं. त्यांना माणसाचा आवाज हवा असतो.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, शेजारात ज्यांची नजर गेली आहे त्यांना एकदा विचारा, काय वाचून दाखवू? उत्तर तुम्हाला वाटतं तेच येईल असं समजू नका. नव्वदीच्या आजीला हरिपाठच हवा असेल हे गृहीत धरू नका, तिला कदाचित 'दुनियादारी' ऐकायची असेल. जे सांगतील ते वाचा, रोज दहा पानं पुरेत. पुस्तक घरी नसेल तर गावच्या वाचनालयात जा. तालुक्याच्या गावांत आणि मोठ्या खेड्यांत अजून वाचनालयं उघडी आहेत, वर्गणी एका चहापाण्याच्या खर्चाहून जास्त नाही, आणि देवघेवीच्या टेबलावर जे कुणी बसलं असेल ते तुम्हाला पुस्तक शोधून देईल.